पडण्यापासून सुरुवात करा: मुलांना उड्डाणाचे विज्ञान कृतीतून शिकवताना

प्रश्न: आमच्या जिल्हा परिषद शाळेत पाचवी ते सातवीची मिळून ३५ मुले आहेत आणि विज्ञानाच्या उपक्रमांसाठी मला आठवड्यातून एक तास मिळतो. या सत्रात ‘विमान कसे उडते’ हा विषय कृतीतून शिकवावा असे मनात आहे. गेल्या वर्षी कागदी विमाने करून घेतली. मुलांना मजा आली, पण गोंधळ आणि कागदाचा कचरा याखेरीज हाती काही लागले नाही. पंखाच्या वरून जाणाऱ्या हवेला जास्त अंतर कापावे लागते म्हणून उचल मिळते, हे स्पष्टीकरणही मुलांच्या गळी उतरले नाही. सुरुवात कोठून करावी?

उत्तर:

ते स्पष्टीकरण मुलांच्या गळी उतरले नाही, ही मी चांगली खूण समजतो, कारण ते स्पष्टीकरण चुकीचे आहे. मी स्वतः कार्यशाळा घ्यायला लागलो तेव्हा पहिली सात-आठ वर्षे तेच सांगत होतो, त्यामुळे त्याचा पिंड मला चांगला ठाऊक आहे. त्याकडे पुढे येतोच. त्याआधी क्रमाविषयी बोलले पाहिजे, कारण माझ्या अनुभवात हा विषय बहुतेक वेळा क्रम उलटा लागल्यामुळे फसतो.

आपण सहसा विमानापासून सुरुवात करतो. फळ्यावर विमान काढतो, त्याला चार बाण लावतो, उचल, वजन, रेटा (पुढे ढकलणारा जोर) आणि रोध (हवेचा अडथळा) अशी चार नावे लिहून देतो आणि मग मुलांच्या हाती कागद देतो. मुलांच्या हातातल्या कागदाला मात्र इंजिन नसते. तो हातातून सुटला की खालीच येणार असतो. प्रश्न एवढाच असतो की किती सावकाश आणि किती पुढे जाऊन. म्हणून मी आता पडण्यापासून सुरुवात करतो. आधी पडणे, मग सावकाश पडणे, मग पुढे सरकत पडणे, मग त्या पडण्याला वळण देणे, त्यानंतर उचल कोठून येते हा प्रश्न, आणि इंजिन सर्वांत शेवटी. उड्डाणाचा इतिहासही याच क्रमाने घडला आहे. जर्मनीतल्या ओटो लिलिएंथालने १८९० च्या दशकात टेकड्यांवरून सुमारे २,००० वेळा उड्या घेतल्या, त्या सगळ्या उताराच्या दिशेने आणि इंजिनाशिवाय. राइट बंधूंनीही १९००, १९०१ आणि १९०२ अशी तीन वर्षे केवळ ग्लायडर उडवले आणि इंजिन बसवले ते १९०३ मध्ये.

पहिला तास हवेसाठी ठेवावा. हवा ही ‘वस्तू’ आहे, हे मुलांनी पाठ केलेले असते, पण मानलेले नसते. मुलांच्या हाती मोजपट्टी देऊन वर्गाची लांबी, रुंदी आणि उंची मोजून घ्या आणि या खोलीतल्या हवेचे वजन किती असेल याचा अंदाज प्रत्येकाला वहीत लिहायला सांगा. ‘शून्य’ आणि ‘पाव किलो’ ही उत्तरे हमखास येतात. एखादे धाडसी मूल दोन किलोपर्यंत जाते. समुद्रसपाटीला एका घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलो असते. खोली ६ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच असेल तर १०८ घनमीटर, म्हणजे जवळपास १३० किलो. घाटमाथ्यावरच्या गावात थोडे कमी. वर्गातली चार-पाच मुले एकत्र तराजूत बसवल्यासारखे हे वजन आहे. हा आकडा फळ्यावर आला की हवेकडे पाहण्याची मुलांची नजर बदलते. नंतर मैदानात नेऊन पुठ्ठ्याचा मोठा चौकोन आधी आडवा धरून आणि मग छातीसमोर उभा धरून पळायला लावा. रोध म्हणजे काय हे त्यानंतर सांगावे लागत नाही.

दुसऱ्या तासाला दोन सारखे कागद घ्या. एक सपाट ठेवा, दुसऱ्याचा बोळा करा आणि दोन्ही एकाच उंचीवरून सोडा. वजन तेच असूनही बोळा आधी पोहोचतो. आता सपाट कागद एका वहीवर ठेवा, मात्र तो वहीच्या कडांच्या बाहेर येता कामा नये, आणि वही आडवी धरून सोडा. कागद वहीला चिकटून तिच्याच वेगाने खाली येतो. वही कागदाला ओढून नेते असे मुले म्हणतात. त्यांना लगेच दुरुस्त करू नका. वहीने कागदासाठी काय केले हे त्यांना आपसांत भांडू द्या. ‘वही पुढची हवा बाजूला सारते’ हे वाक्य मुलांकडूनच येते, फक्त दहा मिनिटे लागतात.

येथे एक नियम सांगतो. गोंधळाची तुमची अडचण बव्हंशी त्यानेच सुटेल. काहीही सोडण्यापूर्वी किंवा फेकण्यापूर्वी काय होईल हे वहीत लिहिलेले असले पाहिजे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदललेली असली पाहिजे. ज्या मुलाने अंदाज लिहिला आहे त्याला निकालाची उत्सुकता असते, त्यामुळे ते बघते. ज्याने लिहिलेला नाही ते फक्त फेकते.

यानंतर कागदाची फिरकी करा. साधारण २० सेंटिमीटर लांब आणि ६ सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या. वरच्या अर्ध्या भागात मधोमध उभी चीर देऊन दोन पाती करा आणि ती एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना दुमडा; खालचा भाग दोन्हीकडून आत दुमडून अरुंद करा आणि तळाला कागदाची एक क्लिप लावा. पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून अरविंद गुप्ता यांनी टाकाऊतून करायची जी असंख्य वैज्ञानिक खेळणी घराघरांत पोहोचवली, त्या जातकुळीतली ही कृती आहे आणि ती अनेकांनी केलेली असते. तरीही तिच्यातले प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. पाती उलट बाजूंना दुमडली तर फिरण्याची दिशा बदलेल का? दुसरी क्लिप लावली तर ती सावकाश फिरेल की जोरात? पाती निम्मी कापली तर? दिशा बदलते. जड फिरकी जोरात पडते आणि जोरातच फिरते, हे मात्र बहुतेकांच्या अंदाजाविरुद्ध जाते.

वेळ मोजण्यासाठी स्टॉपवॉच वापरण्याचा मोह टाळावा असे मी सुचवेन. दोन मीटरवरून पडायला फिरकीला एक-दोन सेकंद लागतात आणि बटण दाबण्यात मुलांची चूक सहज पाव सेकंदाची होते. मग निम्मा तास कोणाचे घड्याळ बरोबर यावर जातो. त्याऐवजी जुनी फिरकी आणि बदललेली फिरकी दोन हातांत धरून एकाच क्षणी सोडा. आधी कोण पोहोचते हे डोळ्यांना स्पष्ट दिसते, आणि जुनी फिरकी तुलनेसाठी जपून ठेवायची असते हेही मुलांना आपोआप कळते.

फिरकीच्या जोडीला झाडांच्या बिया आणायला सांगा. रस्त्याकडेला लावलेल्या महोगनीची एकपंखी बी, शेवग्याची तीन पंखांची बी, वावळाची चपटी गोल पापडी, टेटूची पातळ पारदर्शक पंखाची बी आणि रुईची म्हातारी. यांपैकी म्हातारी कोठेही उन्हाळ्याच्या तोंडाशी सापडते. बाकीच्या तुमच्या परिसरानुसार मिळतील. कोणती बी फिरते, कोणती घसरत जाते आणि कोणती नुसती तरंगते, अशी वाटणी मुलांनी स्वतः करावी. महोगनीच्या बीचा पंख तोडून ती पुन्हा सोडली की ती दगडासारखी खाली येते. मुलांना यातून जे समजते ते आकृतीतून समजणे कठीण आहे.

हवाई छत्री सगळेच करतात, म्हणून तिच्यातली एकच गोष्ट सांगतो, कारण ती सातवीच्या गणिताला जोडता येते. पातळ प्लॅस्टिकचा २५ सेंटिमीटरचा चौकोन आणि ५० सेंटिमीटरचा चौकोन यांच्या छत्र्या करा आणि दोन्हींना तेवढेच वजन बांधा. बाजू दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट, म्हणून वेगही चौथा हिस्सा होईल असे हुशार मुले सांगतात. तो जवळपास निम्मा होतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वेग निम्मा करायला क्षेत्रफळ चौपट लागते. छत्री डोलू लागली तर मधोमध रुपयाएवढे भोक पाडा. अडकलेली हवा एका कडेने निसटण्याऐवजी मधून जाते आणि छत्री स्थिर होते.

आता पुढे सरकत पडणे. कागदी विमानापूर्वी मी एक अगदी साधी वस्तू करून घेतो, जिच्यात घडी घालण्याचे कसब मध्ये येत नाही. ए-४ कागदाचा आडवा अर्धा भाग घ्या, म्हणजे २१ सेंटिमीटर लांब आणि जवळपास १५ सेंटिमीटर रुंद. तो तसाच सोडला तर कोलांट्या खात कोठेही जातो. आता त्याची लांब कड एकेक सेंटिमीटरने दुमडत जा. सात घड्या झाल्या की पुढे एक जाड, जड पट्टा आणि मागे जवळपास सात सेंटिमीटर सपाट कागद उरतो. घड्या चिकटपट्टीने दाबून टाका, मधोमध किंचित इंग्रजी ‘व्ही’सारखा बाक द्या आणि मागची कड केसभर वर उचला. जाड कड पुढे करून हलकेच सोडला की तोच कागद शांतपणे पुढे घसरत जातो. कागद तोच, वजन तेच, क्षेत्रफळ उलट कमी झाले. बदलली ती फक्त वजनाची जागा. हवा सपाट पंखाला ढकलते ती बव्हंशी त्याच्या पुढच्या चौथ्या हिस्स्यापाशी. वजनही साधारण तेथेच आले की पंख समतोल राहतो. वजन मधोमध असेल तर नाक वर फेकले जाते आणि कोलांटी सुरू होते. माझ्या मते संपूर्ण सत्रातली ही सर्वांत महत्त्वाची कृती आहे, आणि तिला लागतो तो अर्धा कागद.

हे झाल्यावर कागदी विमान हाती द्या, पण एकाच घडीचे, सर्वांना सारखे. लांब कोण फेकतो ही स्पर्धा पहिल्या दिवशी ठेवू नका, कारण ती हाताच्या जोराची होते आणि कागद बाजूला राहतो. त्याऐवजी विमान खांद्याच्या उंचीवरून जोर न लावता सोडायचे, आणि ते जमिनीला टेकेपर्यंत किती पुढे गेले ते अंतर सोडलेल्या उंचीने भागायचे. दीड मीटरवरून सोडून सहा मीटर गेले तर उत्तर ४. या गुणोत्तराला आम्ही वर्गात ‘घसरांक’ म्हणतो. पुस्तकी शब्द नाही, पण मुलांना तो आवडतो. घसरांक सुधारण्यासाठी नाकाला क्लिप लावा, काढा, मागची कड दुमडा, सपाट करा. प्रत्येक बदलाची नोंद करा. मागची कड जास्त वर केली की विमान नाक वर करते, क्षणभर थबकते आणि गोता खाते. हा गोता वाया जाऊ देऊ नका. वेग कमी झाला, कोन फार वाढला आणि हवेने पंखाच्या पाठीची साथ सोडली, तेव्हा उचल कोसळली; खऱ्या वैमानिकाला ज्याची सुरुवातीच्या शिक्षणातच शिकवण देतात ती हीच गोष्ट आहे. प्लॅस्टिकच्या नळीला पुढे लहान आणि मागे मोठे असे कागदाचे दोन गोल वळे चिकटवून होणारा ग्लायडरही करून पाहा; पंख सपाटच असावा लागतो हा समज तो मोडतो.

वळण देण्यासाठी टूथपेस्टचे रिकामे खोके पुरते. दोन्ही टोके उघडी करून ते लांबीच्या दोन बाजूंनी धरा आणि उलटसुलट पिळा. वरचा आणि खालचा पृष्ठभाग एका टोकाला पुढे आणि दुसऱ्या टोकाला मागे झुकतो. १८९९ मध्ये विल्बर राइटच्या हातून सायकलच्या ट्यूबचे रिकामे खोके असेच पिळले गेले आणि पंख पिळून विमान कलते करण्याची कल्पना त्याला सुचली. त्याच वर्षी विल्बरने दीड मीटर पंखविस्ताराचा पतंग उडवून ती तपासली. खोके पिळल्यानंतर मुलांनी आपल्या विमानाच्या एका पंखाची मागची कड वर आणि दुसऱ्याची खाली करावी आणि ते कोणत्या बाजूला कलेल हे लिहून मगच सोडावे. डोक्यावर घार घिरट्या घालत असेल तर वर्ग सरळ बाहेर न्या. ती शेपूट कशी फिरवते आणि पंखांची टोके बोटांसारखी कशी फाकवते हे पाहण्यात गेलेला अर्धा तास वाया जात नाही.

आता उचलीकडे, म्हणजे तुमच्या मूळ अडचणीकडे येतो. पंखाच्या पाठीवरचा रस्ता लांब, म्हणून वरची हवा वेगाने धावते आणि खालच्या हवेला पलीकडे गाठते, असे सांगितले जाते. पण या दोन हवांनी पलीकडे एकाच वेळी पोहोचलेच पाहिजे असा कोणताही नियम निसर्गात नाही. धुराचे झोत सोडून केलेल्या प्रयोगांत वरची हवा खालच्या हवेच्या आधीच पलीकडे पोहोचलेली स्पष्ट दिसते. केंब्रिजच्या होल्गर बाबिन्स्की यांनी हे चित्रित करून दाखवले आहे. आमच्याकडे हे कोडे फार साधेपणाने फुटले. सहावीच्या मुलांनी थर्मोकोलच्या पंखावर दोरा लावून वरची आणि खालची लांबी मोजली आणि फरक निघाला जेमतेम दोन-तीन टक्के. एवढ्याशा फरकाने विमान उचलले जात असेल तर सपाट कागदाचे विमान, ज्यात फरक शून्य आहे, ते उडायलाच नको होते. आणि हवाई कसरतींत विमाने उलटी होऊनही उडत राहतात.

मग सांगायचे काय? दहा-बारा वर्षांच्या मुलाला एवढे पुरते: पंख हवेला खाली वळवतो, आणि हवा पंखाला वर ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम नावाने आला नाही तरी चालतो. याचे उत्तम उदाहरण तुमच्या वर्गात छताला टांगलेले आहे. पंख्याची पाती तिरकी असतात, ती हवा खाली ढकलतात. आणि त्याच वेळी पंखा वर ढकलला जात असतो, म्हणजे फिरत्या पंख्याचा छताच्या हुकावरचा भार बंद पंख्यापेक्षा किंचित कमी असतो. पंख आणि पंखा हे शब्द आपल्या भाषेत सख्खे आहेत याचा येथे मला नेहमी आनंद होतो.

हवा खाली वळते हे दाखवण्यासाठी टेबल फॅन पुरेसा आहे. त्याच्या समोर पुठ्ठ्याची पट्टी धरा आणि पट्टीच्या मागे एका काठीला लोकरीचे चार-पाच धागे बांधून उभे करा. पट्टी आडवी असताना धागे सरळ मागे उडतात. पट्टीची पुढची कड उचलली की ते खाली झुकतात. फॅनची हवा भोवऱ्यासारखी फिरत येते, त्यामुळे धागे थरथरतात. हा त्रास कमी करायचा असेल तर खोक्यात शीतपेयाच्या नळ्या गच्च भरून ते फॅनपुढे ठेवा. हवा बरीच सरळ होते. बसच्या खिडकीतून हात बाहेर काढून तळवा तिरका करण्याचा प्रयोग आपण सर्वांनी लहानपणी केला आहे, पण तो मी मुलांना कधीही सांगत नाही. फॅनसमोरचा तळवा तेवढेच शिकवतो.

सातवीच्या मुलांकडून उचल मोजून घ्या. त्यासाठी एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा लागतो. काट्यावर लाकडाचा ठोकळा, त्यात उभी ३० सेंटिमीटरची काडी आणि तिच्या टोकाला २० बाय १० सेंटिमीटरचा पुठ्ठ्याचा पंख बसवा. काट्यापुढे वह्यांची आडोशाची भिंत करा, नाहीतर हवा थेट काट्याच्या ताटलीवर आपटून आकडा खराब करते. काटा शून्यावर आणून फॅन लावला की आकडा उणे होतो. पाच-सहा ग्रॅम मिळाले तरी मुले उड्या मारतात. पंखाचा कोन ५, १०, १५ अंश असा वाढवत आलेख काढा. आधी आकडा वाढत जातो, मग एका कोनापुढे वाढ थांबते. मागच्या महिन्यातला कागदी विमानाचा गोता आता आलेखात दिसतो. एक सूचना: असे काटे थोड्या वेळाने आपोआप बंद होतात आणि शून्य हरवते, म्हणून प्रत्येक कोनाला पुन्हा शून्य करून घ्या.

ओठांखाली कागदाची पट्टी धरून वरून फुंकर मारण्याचा प्रसिद्ध प्रयोगही करा, पण पूर्ण करा. पट्टी वर उचलली जाते आणि ‘वेगवान हवेचा दाब कमी’ असे सांगून आपण मोकळे होतो. आता तीच पट्टी सरळ खाली लोंबती धरा आणि तिच्या एका बाजूने, तिला समांतर, वरून खाली फुंका. हवा तेवढीच वेगवान आहे, तरी पट्टी जवळपास जागची हलत नाही. पहिल्या वेळी पट्टीला बाक होता, हवा त्या बाकाला धरून खाली वळली आणि तिला वळवताना पट्टी वर ओढली गेली. वेग आणि दाबाचा हा नियम मांडणारा शास्त्रज्ञ बर्नोली चुकला असे मात्र मुलांना सांगू नका. पंखाच्या वर दाब कमी असतो हे खरेच आहे. हवा वळणे आणि दाबातला फरक या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. चूक आहे ती ‘एकाच वेळी पोहोचण्याची’ गोष्ट. आठवीच्या पुढे हा दाबाचा भाग आकड्यांत मांडता येतो. एअरबस ए-३२० पूर्ण भरून उडते तेव्हा सुमारे ७८ टन असते आणि तिच्या पंखांचे क्षेत्रफळ सुमारे १२२ चौरस मीटर, म्हणजे दर चौरस मीटरला ६४० किलो. वातावरण त्याच चौरस मीटरवर सुमारे १०,००० किलोंचा दाब देत असते. म्हणजे पंखाच्या वर आणि खाली सहा-साडेसहा टक्क्यांचा फरक राखला तरी ते धूड हवेत राहते.

संक्रांत जवळ असेल तर हाच कोनाचा धडा पतंगावर घ्या, कारण पतंग म्हणजे दोऱ्याने जागी धरलेला पंख. कमान आणि दांडा यांना बांधलेल्या कणीची वरची बाजू थोडी आखडली की पतंग हवेला कमी कोनाने सामोरा जातो, आणि सैल केली की जास्त कोनाने उभा राहतो. येवल्याच्या किंवा नागपूरच्या मुलांना हे हाताला ठाऊकच असते. त्यांना फक्त ‘तू हे का करतोस’ असे विचारायचे. दोरा साधा सुती असावा. नायलॉन मांज्यावर २०१७ पासून राष्ट्रीय हरित लवादाची बंदी आहे आणि पक्ष्यांच्या उड्डाणाविषयी शिकवताना त्यांचेच पंख कापणारी वस्तू वर्गात येऊ नये.

रेट्यासाठी दोऱ्यावरून नळीतून पळणारा फुगा आणि रबराच्या पिळाने फिरणारा पंखा एवढे पुरे. ही सोपी पायरी आहे, तिच्यात एका तासापेक्षा जास्त वेळ घालवू नये. १८७८ मध्ये राइट भावांना वडिलांनी आणून दिलेले खेळणे अशाच रबराच्या पिळावर उडणारे होते, ही गोष्ट त्या वेळी सांगावी.

राइट बंधूंचे नाव निघाले की एखादे मूल हमखास विचारते, ‘पण पहिले विमान तळपद्यांनी उडवले ना?’ शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवल्याची कथा मराठी घरांत सर्वांना माहीत असते, आणि तिला हसून उडवून लावणे किंवा मान डोलावून पुढे जाणे, दोन्ही मला अयोग्य वाटते. हा पुराव्याचा धडा आहे. १७ डिसेंबर १९०३ च्या उड्डाणाचे छायाचित्र आहे, वडिलांना पाठवलेली तार आहे, नोंदवह्या आहेत आणि आकडे आहेत: पहिले उड्डाण १२ सेकंदांचे आणि सुमारे ३७ मीटरचे, त्या दिवसातले शेवटचे ५९ सेकंदांचे आणि सुमारे २६० मीटरचे. चौपाटीवरच्या उड्डाणाचा त्या काळातला असा पुरावा पुढे आलेला नाही. ज्या ‘वैमानिकशास्त्र’ या ग्रंथाचा हवाला दिला जातो, त्यातली विमाने उडू शकणार नाहीत असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये काढला. मुलांना एवढेच विचारावे की आपल्या वहीतल्या नोंदी शंभर वर्षांनी कोणी वाचल्या तर आपले विमान उडाले होते हे त्याला पटेल का.

वर्ग सांभाळण्याविषयी थोडेसे. पाच-पाचांचे सात गट करा. सर्वांनी एकाच रेषेवरून एकाच दिशेने सोडायचे, आणि शेवटचे विमान टेकल्यावरच उचलायला जायचे. छताचे पंखे बंद ठेवा. सोडणारा, मोजणारा, लिहिणारा ही कामे दर फेरीला बदलली पाहिजेत, आणि ती तुम्हीच बदलली पाहिजेत. तशी सोडून दिली तर मुलगे फेकत राहतात आणि मुली लिहीत राहतात, हे मी कोणत्याही तालुक्यात वेगळे पाहिलेले नाही. कागद पाठकोरा वापरा. तास संपल्यावर प्रत्येक गटाने आपले सर्वांत चांगले आणि सर्वांत वाईट विमान नाव लिहून जपावे, बाकीचे रद्दीत.

शेवटच्या तासाला घसरांकाकडे परत या. तोवर बहुतेक गट ४ ते ५ पर्यंत आलेले असतात. त्यांना २३ जुलै १९८३ ची हकीकत सांगा. एअर कॅनडाचे बोइंग ७६७ सुमारे १२.५ किलोमीटर उंचीवर असताना त्याचे इंधन संपले, कारण इंधन भरताना किलो आणि पौंड या एककांची गल्लत झाली होती. दोन्ही इंजिने बंद पडली आणि ते प्रचंड विमान मुलांच्या कागदी विमानासारखेच पुढे सरकत पडू लागले. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना ग्लायडर उडवण्याचा अनुभव होता. त्यांनी ते गिमली येथील वापरात नसलेल्या लष्करी धावपट्टीवर उतरवले आणि विमानातले सर्व ६९ जण वाचले. त्या दिवशी त्या विमानाचा घसरांक सुमारे १२ होता. १२.५ किलोमीटर उंचीवरून १२ च्या घसरांकाने किती लांब जाता येईल, हा गुणाकार मुलांनी फळ्यावर करावा आणि मग भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा खाली काढून आपल्या गावापासून १५० किलोमीटरच्या आत कोणकोणत्या धावपट्ट्या येतात ते शोधावे. आमच्याकडे हा तास घंटा झाल्यावरही चालू राहतो, म्हणून तो दिवसातला शेवटचा ठेवा.